मधलं काम

काळाचौकीच्या आमच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला अण्णांचा हूक टांगलेला असे. लाकडी मूठ आणि तिच्यातून निघून पुढे वाकलेलं, टोक काढलेलं पोलाद. मूठ त्यांच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झालेली. आम्हां भावंडांना तिला हात लावायची बंदी होती. पाळीवरून आले की आधी हूक खिळ्याला, मग चपला दाराशी, मग मोरीत हातपाय धुणं. हा क्रम कधी मोडलेला मला आठवत नाही.

अण्णा मुंबईच्या गोदीत होते. बोटीच्या फाळक्यातून, म्हणजे डेकवरच्या तोंडातून, वर आलेल्या गोण्या उचलायच्या आणि शेडमध्ये थप्पीला लावायच्या. नाहीतर उलट, मालगाडीच्या वाघिणीतून काढायच्या, धक्क्यावर आणायच्या, तिथून जाळ्यात, जाळं क्रेनला, क्रेन बोटीत. बोट आणि रेल्वे यांच्यामध्ये जी काही पावलांची जागा उरते, ती त्यांची. सारा जन्म त्यांनी त्या तेवढ्या जागेत ये-जा करण्यात घालवला. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. एकदा वाघिणीचं दार सरकवताच आतली थप्पी त्यांच्या अंगावर आली होती. दूर कुठल्याशा स्टेशनात कुणीतरी दाराजवळची रांग नुसती उभी रचून ठेवली होती. अण्णा त्या अनोळखी माणसाला कधी शिव्या देत नसत. "त्याला कुणी शिकवलं नसेल," एवढंच म्हणत.

मी गेली बावीस वर्षं न्हावा-शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत काम करते. दिवसभर कंटेनरचे नंबर, सीलचे नंबर, वाघिणींच्या रेकचे वेळापत्रक. या पेट्या आल्या कुठून, या उत्सुकतेपोटी मी त्यांचा इतिहास जमेल तसा वाचत गेले आणि एक गोष्ट मनात रुतून बसली. रेल्वे समुद्राला भिडली त्या दिवसापासून जगभरची हुशार माणसं एकाच गोष्टीसाठी डोकं लढवत आली आहेत: ते मधलं काम कसं टाळायचं. माझ्या वडिलांचं काम.

आपल्याकडे तर रेल्वे स्वतःच समुद्रावरून आली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी आपण शाळेत शिकतो. ती ओढणारी इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत घडली होती. सुएझ कालवा १८६९ सालचा, म्हणजे ही इंजिनं आफ्रिकेला वळसा घालून शिडांच्या जहाजांतून मुंबईला पोचली. ती उतरवून घेणारी माणसं कोण होती, त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. कलकत्त्याच्या बाजूला असं सुखरूप घडलं नाही. ईस्ट इंडियन रेल्वेचे नमुन्याचे डबे घेऊन येणारं 'गुडविन' हे जहाज हुगळीच्या मुखाशी बुडालं आणि पहिलं इंजिन चुकून ऑस्ट्रेलियाला जाऊन मग परत आलं, असं त्या रेल्वेच्या इतिहासात सांगितलं जातं. जॉन हॉजसन या अभियंत्यानं मग कलकत्त्यातच डबे बांधून घेतले आणि १८५४च्या ऑगस्टमध्ये हावड्याहून गाडी सुटली.

त्याच सुमाराला स्कॉटलंडमध्ये एक वेगळाच प्रयोग चालू होता. एडिंबरोच्या उत्तरेला फोर्थची खाडी आडवी येते. ग्रँटनला रूळ संपत आणि पलीकडे बर्न्टआयलंडला पुन्हा सुरू होत. मधे साधारण आठ किलोमीटर पाणी. वाघीण रिकामी करा, माल होडीत भरा, पलीकडे होडी रिकामी करा, पुन्हा वाघीण भरा. एका खेपेला चार वेळा हात लागणार, कोळसा फुटणार, मासळी नासणार. थॉमस बाउच या तरुण अभियंत्यानं ठरवलं की माल उतरवायचाच नाही, वाघीणच बोटीवर न्यायची. १८५०मध्ये 'लेव्हायथन' नावाची, दोन्ही बाजूंना वल्हीचक्रं असलेली आगबोट सुरू झाली. तिच्या डेकवर रूळ होते. जगातली पहिली रेल्वे-फेरी म्हणून तिचं नाव घेतात.

त्या गोष्टीत मला बोटीपेक्षा धक्का जास्त आवडतो. समुद्र भरतीला चढतो, ओहोटीला उतरतो; रूळ मात्र एका पातळीत हवेत. बाउचनं धक्क्यावर एक उतार बांधला आणि त्या उतारावरून वरखाली सरकणारा, चाकांवरचा पूल केला. पाणी जसं असेल तसा तो पूल सरकवायचा आणि त्याचं टोक बोटीच्या डेकला टेकवायचं. मग वाघिणी दोरानं ओढून घ्यायच्या. खरी अडचण पाण्यात नव्हती, जमीन आणि पाणी जिथे भेटतात त्या एका रेषेवर होती. अण्णांनीही हे फार साध्या शब्दांत सांगितलं होतं. "बोट हलते, धक्का हलत नाय. माणूस मरतो तो त्या दोघांच्या मधी."

फोर्थवर १८९०मध्ये पूल आला आणि ती फेरी संपली. तो पूल आधी बाउचच बांधणार होता. पण त्यानं बांधलेला टे नदीवरचा पूल २८ डिसेंबर १८७९च्या वादळात आगगाडीसकट कोसळला. दहा महिन्यांत बाउचही गेला. पाण्यावरून गाड्या सुखरूप नेण्याची युक्ती ज्यानं काढली, त्याचं नाव आज लोकांना फक्त त्या कोसळलेल्या पुलामुळे ठाऊक आहे. हे मला नेहमी अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे हे मधलं काम समुद्राइतकंच नद्यांवर होतं. मोकामा घाटला गंगेच्या एका बाजूला ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला मीटरगेज. तिथे वीसेक वर्षं माल उतरवण्या-चढवण्याचा ठेका ज्याच्याकडे होता तो माणूस म्हणजे जिम कॉर्बेट. आपण त्याला नरभक्षक वाघांचा शिकारी म्हणून ओळखतो, पण त्याची उमेदीची वर्षं हमालांच्या टोळ्यांबरोबर कोळशाच्या वाघिणी उपसण्यात गेली आणि त्या माणसांबद्दल त्यानं फार मायेनं लिहून ठेवलंय. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्याला वाघ काय जड गेला नसंल."

तर वाघीणच बोटीवर न्यायची ही कल्पना पुढे फार लांब गेली. अमेरिकेत ती सरोवरं ओलांडून गेली, फ्लॉरिडाहून क्यूबाला गेली. आणि १९२८मध्ये ग्रॅहम ब्रश या माणसानं त्याहून धाडसी गोष्ट केली. फेरी म्हटली की तिला पुढून किंवा मागून दार हवं, गाडी आत घुसायला. खुल्या समुद्रात असं दार धोक्याचं. ब्रशनं 'सीट्रेन' नावाची बोट इंग्लंडमध्ये बांधून घेतली, तिला असं दारच नव्हतं. वाघिणी वरून आत जायच्या.

त्याची रीत अशी. धक्क्यावर अजस्र क्रेन. क्रेनला लोंबणारा एक पाळणा आणि पाळण्याच्या तळाशी रुळांचा तुकडा. भरलेली वाघीण ढकलत त्या तुकड्यावर आणायची, पाळणा वर उचलायचा, फाळक्यावर न्यायचा आणि बोटीच्या पोटात सोडायचा. आत मजले होते, प्रत्येक मजल्यावर रूळ. पाळण्याचे रूळ मजल्याच्या रुळांशी जुळले की वाघीण ओढून आत घ्यायची आणि साखळ्यांनी जखडायची. अशा शंभरेक वाघिणी एका बोटीत मावत. न्यू ऑर्लिन्सहून हवानाला निघालेल्या मालाला वाटेत एकाही माणसाचा हात लागत नसे.

ही चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला पुढचं सगळं त्यात दिसलं. क्रेननं उचललेली बंद पेटी, फाळक्यातून सरळ खाली, ठरलेल्या जागेवर. कंटेनर जन्मायला अजून अठ्ठावीस वर्षं होती, पण त्याची सगळी हालचाल इथे करून झाली होती.

ब्रशच्या सीट्रेन कंपनीची खरी लढाई समुद्राशी झालीच नाही. ती झाली रेल्वे कंपन्यांशी. वाघीण रेल्वेच्या मालकीची. ती स्पर्धकाच्या बोटीवर का चढू द्यायची? अनेक रेल्वे कंपन्यांनी आपल्या वाघिणी सीट्रेनला द्यायला नकार दिला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रेल्वेवर देखरेख ठेवणारा आयोग त्यांना वाघिणी द्यायला लावू शकतो, असा निकाल १९४५मध्ये लागला. क्रेन, पाळणा, मजल्यांवरचे रूळ हे सगळं जमलं होतं. अडलं होतं ते आपला डबा परक्याच्या हाती सोडण्यापाशी. रोज माझ्या टेबलावर एका मालकाचा कंटेनर, दुसऱ्याची बोट, तिसऱ्याचा ट्रेलर आणि चौथ्याची आगगाडी एका कागदावर येतात तेव्हा मला ती वर्षं आठवतात. हे कधीकाळी कोर्टात भांडून मिळवावं लागलं होतं.

युद्धात या बोटींचं मोल कळलं. १९४२च्या उन्हाळ्यात इजिप्तकडे शेरमन रणगाडे नेणाऱ्या ताफ्यातली एक बोट पाणबुडीनं बुडवली. तिची भरपाई म्हणून 'सीट्रेन टेक्सस'मध्ये अडीचशे रणगाडे भरून तिला संरक्षणाविना एकटीलाच धाडलं. आफ्रिकेला वळसा घालून ती सुएझला पोचली, अल अलामेनच्या लढाईच्या आधी. रुळांवरच्या वाघिणींसाठी केलेले भक्कम मजले रणगाड्यांनाही पुरले.

युरोपात याच कल्पनेचं एक हळुवार रूप होतं. १९३६ ते १९८० लंडनहून पॅरिसला रात्रीची गाडी जाई. डोव्हरला तिचे झोपायचे डबे अख्खेच्या अख्खे बोटीवर चढत, माणसं आत झोपलेली. डबे साखळ्यांनी बांधतानाचा खणखणाट ऐकून पुष्कळांची झोप मोडायची म्हणे. मला तो आवाज ऐकायला मिळायला हवा होता.

जपानची गोष्ट मात्र मी एका बैठकीत वाचू शकले नव्हते. होन्शू आणि होक्काइदो या बेटांमध्ये आओमोरी ते हाकोदाते अशी रेल्वे-फेरी चाले. २६ सप्टेंबर १९५४ला वादळ आलं. दिवसभर थांबलेली 'तोया मारू' संध्याकाळी वारा पडल्यासारखा वाटला म्हणून हाकोदातेहून निघाली. ती उसंत फसवी होती. बंदराबाहेर वारा पुन्हा उसळला आणि नांगर टाकूनही बोट घसरत राहिली. वाघिणी आत घ्यायला तिच्या मागच्या अंगाला जी मोकळी वाट होती, तीतूनच लाटा आत शिरल्या. पाणी वाघिणींच्या मजल्यावरून यंत्रखोलीत उतरलं, यंत्रं बंद पडली, आणि किनारा अगदी जवळ असताना बोट उलटली. अकराशेहून जास्त माणसं गेली. त्याच रात्री त्याच पाण्यात आणखी चार रेल्वे-फेऱ्या बुडाल्या.

त्यानंतर तिथल्या बोटींना मागे पाणी अडवणारी दारं बसली आणि समुद्राखालून बोगदा काढायचा विचार जोर धरू लागला. १९८८च्या मार्चमध्ये जवळजवळ ५४ किलोमीटरचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि फेरी थांबली. जुन्या बोटींपैकी एक आओमोरीला आणि एक हाकोदातेला लोकांना पाहता यावी म्हणून आजही धक्क्याला बांधून ठेवली आहे. आओमोरीच्या बोटीत रूळ आहेत, रुळांवर गाडीचे डबे आहेत.

वाघीण बोटीवर नेली की तिची चाकंही न्यावी लागतात. आस, स्प्रिंगा, ब्रेक, सगळं. मालाबरोबर हे लोखंडही समुद्र ओलांडतं, जागा खातं. एका वाघिणीवर दुसरी ठेवता येत नाही. माल्कम मॅक्लीन हा नॉर्थ कॅरोलायनाचा ट्रकवाला आधी याच वाटेनं विचार करत होता. त्याला ट्रकचे ट्रेलर बोटीवर चढवायचे होते. मग त्याच्या लक्षात आलं की चाकं धक्क्यावर ठेवून गेलं तरी चालतं, पलीकडे दुसरी चाकं मिळतील. न्यायची ती फक्त पेटी.

तरुणपणी कापसाच्या गाठी घेऊन न्यू जर्सीच्या धक्क्यावर दिवसभर ताटकळताना आपल्याला हे सुचलं, असं तो म्हातारपणी सांगायचा. त्या आठवणीवर शंका घेणारे अभ्यासक आहेत. पण ते दृश्य मला परकं नाही. मुंबईच्या धक्क्यांवरही गाठी अशाच थांबत, आणि मॅक्लीन ज्यांच्याकडे बघत होता ती, एकेक गाठ उचलून जाळ्यात टाकणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत.

२६ एप्रिल १९५६ला न्यूअर्कहून 'आयडियल एक्स' ही जुनी तेलवाहू बोट डेकवर ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाली. सुटा माल बोटीत भरायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई. मॅक्लीनच्या माणसांनी या बोटीचा हिशेब केला तो टनाला १६ सेंटच्याही आत आला. हे दोन आकडे मी कागदावर एकाखाली एक लिहून बराच वेळ पाहत बसले होते. त्यांच्यातली वजाबाकी म्हणजे अण्णांची टोळी, मुकादम, दोन पाळ्यांचा चहा, आमच्या शाळेची फी, गावच्या घरावरची कौलं.

तरी मी त्या पेटीवर राग धरू शकत नाही. तिच्या कोपऱ्यांकडे पाहा. आठ कोपऱ्यांवर आठ ओतीव तुकडे, प्रत्येकात लांबट भोकं. कीथ टँटलिंगर या अभियंत्यानं ते आणि त्यात फिरून बसणारी कडी घडवली. साठच्या दशकात जगातले सगळे एका मापावर यायला धडपडत होते. तेव्हा मॅक्लीनच्या कंपनीनं या कोपऱ्यांच्या पेटंटवरचा पैसा सोडून दिला. म्हणून आज कुठल्याही देशातली क्रेन कुठल्याही देशातली पेटी उचलते, आणि तीच पेटी वाघिणीवर, ट्रेलरवर, बोटीवर बसते. सीट्रेनला जे कोर्टात मागावं लागलं, ते इथे एका कडीनं झालं.

भारतात पहिला कंटेनर १९७३मध्ये कोचीनला उतरला. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ला सुरू झालं. त्याच्या आधीची एक गोष्ट उरणमध्ये काम करणाऱ्या माणसानं विसरू नये. जानेवारी १९८४मध्ये नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जण गेले. माझी बस रोज दि. बा. पाटलांच्या जासई गावावरून जाते.

अण्णांच्या गोदीत काम कमी कमी होत गेलं. पाळी लागेनाशी झाली. हजेरी लावायची आणि बसून राहायचं. हाताला काम नाही याची त्यांना फार लाज वाटे. शेवटी स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. सही केली त्या दिवशी घरी येऊन हूक खिळ्याला लावला तो कायमचा. मला न्हावा-शेव्याला नोकरी लागली तेव्हा पेढे त्यांनीच चाळीभर वाटले. मनातलं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

परवा, म्हणजे दिवाळीच्या आधी, बँकेच्या कामासाठी ते माझ्याबरोबर उरणकडे आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. काम लवकर आटपलं. मी विचारलं, "अण्णा, कंटेनर भरताना बघायचाय?" परवानगी काढली, पिवळं जाकीट आणि हेल्मेट घातलं आणि त्यांना एका कंटेनर यार्डातल्या शेडमध्ये नेलं.

त्यांना वाटलं होतं तिथे यंत्रं असतील. आत एक चाळीस फुटी कंटेनर दारं उघडून उभा होता. त्याच्या पाठीला पाठ लावून तांदळाचा ट्रक. आणि ट्रकमधून कंटेनरमध्ये दहा-बारा पोरं खांद्यावर गोण्या घेऊन ये-जा करत होती. बिहारची काही, काही नांदेडकडची. पाच-सहा पावलं जायचं, पाच-सहा पावलं यायचं.

अण्णा थबकले. मग मला म्हणाले, "बाय, हे तर आमचंच काम."

"हो अण्णा. भरताना आणि रिकामा करताना हातच लागतात. मधे लागत नाहीत."

ते बराच वेळ बघत राहिले. शेवटची रांग दाराशी यायला लागली तसे पुढे झाले. एक पोरगा गोण्या एकावर एक सरळ रचत होता. अण्णांनी त्याचं मनगट धरलं. "ऐसा नहीं बेटा." एका गोणीचे कान धरून ती त्यांनी आडवी फिरवली, खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर बसवली, वरून तळव्यानं दाबली. पुढची उलट दिशेला. पोरगा बघत होता. तिसरी त्यानं स्वतः लावली. अण्णांनी मान हलवली. पूर्ण रांग तशी होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. यार्डातल्या माणसानं घड्याळ पाहिलं, पण तोही काही बोलला नाही.

दारं बंद झाली. दांडे फिरले, सील बसलं, मी सवयीनं नंबर ताडून पाहिला.

"आता हे कुठं उघडणार?" अण्णांनी विचारलं.

मी कागद बघितला. "जेबेल अली. दुबईला."

त्यांनी दारावरून एकदा हात फिरवला. "बरं झालं," ते म्हणाले. "तिथल्या पोराच्या अंगावर येणार नाय."